टोपी काढायचं हत्यार

मंडळी, आजचा विषय आपल्या नेहमीच्या विषयांपैकी नाही. समुद्र नाही, सुपारी नाही, उकडीचे मोदक तर नाहीच नाही. आजचा विषय आहे उडालेल्या काडतुसाच्या बुडातून वापरलेली टोपी कशी काढावी, आणि त्यासाठी हत्यार कुठलं घ्यावं! भुवया खाली घ्या, सांगतो.

टेक्सासातल्या आमच्या भाच्याला दोनेक वर्षांपूर्वी नेमबाजीचा नाद लागला. तिथे तो रीतसर क्लबात जातो, कागदाच्या निशाण्यावर गोळ्या झाडतो आणि रिकाम्या पुंगळ्या गोळा करून घरी आणतो. त्या स्वच्छ करून पुन्हा भरायच्या, असा तिथला अनेकांचा उद्योग. पैसे वाचतात म्हणे. (किती वाचतात ते त्याच्या बायकोला विचारा. हत्यारांचा खर्च ती वेगळा धरते.) तर त्याचा फोन आला, "मामा, टोप्या काढायला इथे दहा प्रकारची यंत्रं मिळतात. पणजोबांकडे काय होतं?"

पणजोबा म्हणजे आमचे आप्पा. हरिहरेश्वरच्या घरी त्यांची बंदूक होती हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते काडतुसं घरी भरायचे हे नव्या पिढीला बहुधा ऐकूनही माहीत नसेल. म्हणून जरा मुळापासून सुरुवात करतो.

काडतूस (हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला) म्हणजे चार वस्तूंचं कुटुंब. पितळेची, कागदाची किंवा प्लॅस्टिकची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेली छोटीशी धातूची टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी किंवा छर्रे. घोडा ओढला की बंदुकीतली सुई टोपीवर आपटते, टोपीतला मसाला पेटतो, ठिणगी बुडातल्या भोकातून आत जाते आणि दारू पेट घेते. दारू जळून गेली, गोळी उडून गेली, टोपी मेली. शिल्लक राहते ती पुंगळी. पितळेची असेल तर पुन:पुन्हा वापरता येते. आणि ती पुन्हा भरायची तर पहिलं काम एकच, बुडातली मेलेली टोपी बाहेर काढणं.

आप्पांच्या काळी आमच्या वाडीत रानडुकरं आणि वानरं यांचा उपद्रव आजच्यासारखाच होता. शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना ही कोकणातली जुनी गोष्ट. बहुतेकांकडे ठासणीची बंदूक. तिला काडतूस नसतंच. नळीच्या तोंडातून दारू घालायची, गजाने ठासायची आणि मागच्या बोंडावर तांब्याची केप बसवायची. ठिणगीसाठी आघाताने पेटणारा मसाला वापरायची युक्ती अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या एका स्कॉटिश पाद्रीबुवांची, १८०७ सालच्या पेटंटातली. केप त्यानंतर आली. ठासणीवाल्याला टोपी काढायला हत्यार लागत नाही. बार झाल्यावर फुटकी केप नखाने खरवडली की निघते. फार तर बोंडाचं भोक तारेने मोकळं करायचं.

आप्पांची बंदूक मात्र बारा बोअरची, काडतुसाची. श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर १९४८पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाच्या संस्थानात होते. मग मुंबई राज्य आलं, कुलाबा जिल्हा झाला, १९८१ साली त्याचं नाव रायगड झालं. एवढ्या स्थित्यंतरांत आप्पांची बंदूक तीच, सुपारीची वाडी तीच आणि डुकरंही तीच! विकतचं काडतूस महाग आणि ते आणायला लांब जावं लागे. म्हणून पितळी पुंगळ्या आणि त्या भरायची छोटी हत्यारं त्यांनी जमवली होती.

ही हत्यारं आम्ही पाहिली ती फार उशिरा. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात सुपारीच्या बागा कशा आडव्या झाल्या ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच. आमच्या माजघरावरची कौलं उडाली, माळा उघडा पडला आणि आवराआवरीत एक सागवानी पेटी खाली आली. आत पाचपंचवीस पितळी पुंगळ्या, दारू मोजायचं लाकडी मुठीचं माप, एक लाकडी ठासणी, एका छोट्या डबीत काही टोप्या आणि एक विचित्र लोखंडी वस्तू. हातभर नाही, वीतभर. एका टोकाला वाकडा, अणकुचीदार दात आणि त्याच्या मागे टेकू. आत्या म्हणाली, "अरे, हे डबे उघडायचं! आईने याने दुधाच्या पावडरीचे डबे फोडलेत." आणि खरंच फोडले असणार, दात थोडा बोथट आहे. :)

त्या वस्तूचा फोटो भाच्याला पाठवला. त्याने तो क्लबातल्या एका म्हाताऱ्याला दाखवला आणि उत्तर आलं की हे टोपी काढायचंच हत्यार आहे, पण बर्डन जातीच्या टोपीसाठी. इथून खरी गंमत सुरू होते.

टोपी मरते म्हणजे काय होतं? मसाला एका छोट्या धातूच्या पेल्यात असतो. तो पेटायला सुईचा मार नुसता पुरत नाही, मसाला कशावर तरी चिरडावा लागतो. ज्यावर चिरडतो ती ऐरण. आता ही ऐरण कुठे ठेवायची यावर १८६०च्या दशकात दोन माणसांनी दोन उत्तरं काढली. इंग्रज सैन्याचे एडवर्ड बॉक्सर (वुलिचच्या रॉयल लॅबोरेटरीचे अधीक्षक) यांच्या पद्धतीत ऐरण टोपीच्याच पोटात असते, आणि पुंगळीच्या बुडात मधोमध एकच भोक. अमेरिकेचे हायरम बर्डन यांच्या पद्धतीत ऐरण पुंगळीच्या बुडाचाच भाग, मधोमध उभा उंचवटा, आणि ठिणगीसाठी त्याच्या दोन बाजूंना दोन बारीक भोकं. नियती बघा, इंग्रजाची पद्धत अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युरोपाने. आपल्याकडच्या .३०३ रायफलीची लष्करी काडतुसं बर्डन जातीची.

आता हे दोन नकाशे डोळ्यांसमोर ठेवा. बॉक्सरची पुंगळी असेल तर तोंडातून एक सळई आत सोडा, मधल्या भोकातून ती सरळ टोपीच्या पाठीवर जाऊन टेकते. दाबा, टोपी पडली. बर्डनमध्ये तीच सळई ऐरणीवर आपटते. कितीही ठोका, टोपी हलणार नाही, सळई वाकेल. म्हणून बर्डनची टोपी बाहेरूनच काढावी लागते. अणकुचीदार दात टोपीत रुतवायचा, टेकूवर जोर द्यायचा आणि टोपी उपसायची. आप्पांचं हत्यार नेमकं हेच करतं. दुसरी युक्ती पाण्याची. पुंगळीत पाणी भरायचं, तोंडात घट्ट बसणारा दांडा घालायचा आणि वर हातोडीचा एक ठोका. पाणी दबत नाही, दाब दोन्ही भोकांतून टोपीच्या पाठीवर जातो आणि टोपी बाहेर उडते. शाळेत पास्कलचा नियम पाठ केला होता ना, तो इथे कामाला येतो.

म्हणजे हत्यार निवडायच्या आधी पुंगळीत डोकवायला हवं. एक भोक की दोन? बाजारातलं सगळ्यांत महाग यंत्र घेतलं तरी दोन भोकं असतील तर ते निरुपयोगी. सुपारी फोडायला विळी आणि नारळ खवायला अडकित्ता घेऊन बसण्यातला प्रकार.

भाच्याच्या पुंगळ्या एका भोकाच्या. त्यामुळे त्याच्यापुढे निवड अशी होती. पहिला मार्ग अगदी साधा. सळई, खाली भोक असलेली बैठक आणि लाकडी हातोडी. स्वस्त, टिकाऊ, पण शंभर पुंगळ्यांनंतर शेजारी भांडायला येतात. दुसरा, हातात धरून पक्कडीसारखं दाबायचं यंत्र. फ्रँकफर्ड आर्सेनल या कंपनीचं असं एक मिळतं. टीव्ही बघत बसल्या बसल्या काम होतं, पण संख्या वाढली की मनगट बोलायला लागतं. तिसरा, टेबलाला पक्कं बसवलेलं तरफेचं यंत्र आणि त्यात फक्त टोपी काढणारा साचा. याला तिकडे 'युनिव्हर्सल' म्हणतात, कारण त्याचा पुंगळीच्या अंगाशी काही संबंध येत नाही, फक्त मधली सुई आत जाते. म्हणून एकाच साच्यात अनेक मापांच्या पुंगळ्या चालतात. चौथा मार्ग म्हणजे पुंगळीला पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यातच सुई असते, दोन्ही कामं एका दाबात.

मग चौथाच का नाही घ्यायचा? भाच्याने सांगितलेलं कारण मला पटलं. झाडलेली पुंगळी काजळी आणि मातीने भरलेली असते. ती तशीच मापाच्या साच्यात कोंबली तर साच्याला ओरखडे जातात, आणि ते ओरखडे पुढच्या प्रत्येक पुंगळीवर उमटतात. आधी टोपी काढली, मग धुतली, तर टोपीच्या खाचेतली काजळीही निघते. म्हणून त्याने तिसरा मार्ग घेतला. ली कंपनीच्या साच्यात सुई नुसती आवळून धरलेली असते. फाजील जोर पडला तर ती तुटण्याऐवजी वर सरकते. चुकून दोन भोकांची पुंगळी आली, आत खडा अडकला, तर नुकसान नाही. जे हत्यार अडचण आल्यावर मोडत नाही, मागे सरतं, ते चांगलं हत्यार. माणसांबद्दलही असंच म्हणता येईल, पण असो.

आणखी दोन बारकावे. काही नव्या पुंगळ्यांत मधलं भोक नेहमीच्या दोन मिलिमीटरऐवजी दीड मिलिमीटरच असतं. त्यात नेहमीची जाड सुई अडकते, बारीक घ्यावी लागते. आणि लष्करी पुंगळ्यांत टोपीच्या कडेने पितळ ठोकून ती जखडलेली असते, त्यांना जास्त जोर लागतो. तिथे हातातल्या यंत्रापेक्षा टेबलावरची तरफ बरी.

पण मी मामा म्हणून त्याला एकच अट घातली. निघालेली टोपी आणि तिच्यातली भुकटी बंद नळीतून खालच्या बाटलीत पडेल, असंच यंत्र घे. आजच्या बहुतेक टोप्यांच्या मसाल्यात शिशाचं संयुग असतं. टोपी मेली तरी तिची काजळी शिसं घेऊन बसलेली असते. ती टेबलावर सांडते, बोटांना लागते, गालिच्यात जाते. त्याच्या घरात रांगणारं पोर आहे. स्वस्त यंत्र आणि महाग यंत्र यांतला फरक अनेकदा एवढाच असतो की घाण कुठे पडते. आणि हो, न उडालेली टोपी असलेली पुंगळी यंत्रात कधीही घालायची नाही. आधी बुडावर सुईचा खड्डा दिसतोय का ते बघायचं.

आप्पांच्या काळच्या टोप्या वेगळ्या. जुन्या मसाल्यात पारा आणि पोटॅशियम क्लोरेट असे. पारा पितळ ठिसूळ करतो. क्लोरेट जळून जे उरतं ते आपल्या मिठाचं भावंड, हवेतलं पाणी ओढून घेणारं. हरिहरेश्वरच्या खाऱ्या दमट हवेत अशी नळी रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी गंज. म्हणून बार झाल्यावर आप्पा आधी नळीतून उकळतं पाणी ओतत आणि मग तेल. तेल मीठ विरघळवत नाही, पाणीच विरघळवतं. आजी म्हणे, "चुलीवर चहाआधी बंदुकीचं आधण." हे वाक्य आम्ही लहानपणी चेष्टा म्हणून ऐकलं होतं. त्यामागे रसायनशास्त्र आहे हे आत्ता कळलं.

नेमबाजी म्हटली की आपल्याला ऑलिंपिक आठवतं. आपल्याच रायगडात पनवेलला सुमा शिरूर यांची लक्ष्य अकादमी आहे. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं. पण गंमत अशी की यांना टोपी काढायचा प्रश्नच नाही. एअर रायफलीत काडतूसच नसतं, आणि .२२च्या काडतुसात मसाला वेगळ्या टोपीत नसून बुडाच्या काठातच भरलेला असतो. सुई काठावर मारते, काठ चेपतो, पुंगळी संपली. तिची टोपी काढता येत नाही, कारण तिला टोपी नाहीच.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. भाचा डिसेंबरात येणार आहे. त्याचं म्हणणं, पणजोबांची पेटी जशीच्या तशी मला द्या, मी तिकडे नेतो, नाहीतर मी माझं यंत्र इकडे आणतो, आपण वाडीत बसून एक तरी पुंगळी भरू. आत्या हळवी झाली. दोन चुलतभाऊ म्हणाले, पेटी खाडीत फेका.

त्यांची भीती अनाठायी नाही. आपला किनारा आठवा. १९९३च्या फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला स्फोटकं उतरली होती, १२ मार्चला मुंबईत काय झालं ते सांगायला नको. आणि १८ ऑगस्ट २०२२ला, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, हरिहरेश्वरच्याच किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली. आत तीन एके ४७ आणि काडतुसं. मस्कतहून युरोपकडे निघालेली ती बोट जूनमध्ये बंद पडली होती, माणसं वाचवली गेली आणि बोट वाहत आपल्याकडे आली, असा खुलासा विधानसभेत झाला. पण तो होईपर्यंत जिल्हाभर नाकाबंदी, आणि आमच्या माळ्यावर आप्पांची पेटी! त्या रात्री घरात कुणाला झोप नव्हती.

म्हणून मी आणि एका वकील मित्राने १९५९चा शस्त्र कायदा उघडून वाचला. त्यातली 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या मोठी रुंद आहे. तयार काडतूसच नव्हे, तर काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्रीही तिच्यात येते. परवान्याशिवाय दारूगोळा बनवण्याची शिक्षा २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं, जन्मठेपेपर्यंत. म्हणजे वाडीत बसून एक पुंगळी भरायची हौस विसरायची. पण त्याच कायद्याच्या कलम ४५मध्ये एक सवलत आहे. काडतुसाचे किरकोळ भाग कुणाजवळ असले, आणि ते इतर पूरक भागांबरोबर वापरायचा हेतू नसला, तर कायदा तिथे लागू होत नाही.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. पूरक भाग! तेच लोखंड टोप्यांच्या डबीशेजारी असलं तर कारखाना, आणि आजीच्या स्वयंपाकघरात असलं तर डबे फोडायचं हत्यार. वस्तू तीच, तिचा अर्थ शेजारच्या वस्तूंवरून ठरतो. आजीने नकळत सत्तर वर्षांपूर्वी ते हत्यार योग्य जागी नेऊन ठेवलं होतं.

तेव्हा ठरलं ते असं. आप्पा गेल्यावर बंदूक कलम २१प्रमाणे ठाण्यात जमा झालीच होती, त्याची पावती काकांच्या फायलीत सापडली. टोप्यांची डबी आम्ही हलवली नाही, उघडली नाही. जुना मसाला कधी कसा वागेल सांगता येत नाही. ठाण्यात आधी कळवलं, त्यांची माणसं येऊन पंचनामा करून घेऊन गेली. पुंगळ्याही बरोबर दिल्या. आत्याला एक ठेवायची होती, पण भाचा ती खिशात घालून विमानतळावर जाईल याची मला खात्री होती. सामानात एखादं विसरलेलं काडतूस सापडून कोर्टकचेरी झालेले प्रवासी या देशात कमी नाहीत. तो जवळ बाळगण्याची जाणीव होती की नाही यावर वर्षभर वाद घालत बसण्यापेक्षा पुंगळी नसलेली बरी.

दारूचं माप आत्याने धुऊन घेतलं, ते आता हळदीच्या डब्यात आहे. लाकडी ठासणीने ती लसूण ठेचते. आणि ते वाकडं लोखंड ठाण्यातल्या साहेबांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, "हे काय?" विचारलं. मी एक भोक, दोन भोकं, बॉक्सर, बर्डन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि ते परत माझ्या हातात दिलं. आता ते वाडीतल्या घरी, चुलीशेजारच्या खुंटीला टांगलं आहे.

भाचा थोडा हिरमुसला आहे. त्याला म्हटलं, ये, तुला आप्पांची वाडी दाखवतो. वादळानंतर लावलेली सुपारीची रोपं आता पुरुषभर झालीत. डुकरं अजून येतात, त्यांच्यासाठी आम्ही कुंपण घातलंय. आणि दुधाच्या पावडरीचा एक डबा न उघडता ठेवतो, तुझ्यासाठी.